जुनी गाडी घाटावर नेताना

पंधरा वर्षं जुनी पेट्रोल गाडी घेऊन घाट चढून पठारावर जाऊन आलो. निसर्गवर्णन करत नाही. गाडीने वाटेत काय केलं ते सांगतो, त्याच वाटेने जाणाऱ्यांना ते जास्त उपयोगी पडेल.

स्पार्क प्लग (सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारे), एअर फिल्टर, इंजिन ऑइल आणि कूलंट निघायच्या बरेच दिवस आधी बदलून घेतलं. आदल्या दिवशी सर्व्हिसिंग करून पहाटे निघणारे लोक मला धाडसी वाटतात. नव्याने आवळलेलं काही गळायचं असेल तर ते पहिल्या शे-दोनशे किलोमीटरमध्येच गळतं. आमच्याही रेडिएटरच्या वरच्या होजचा (रबरी पाइपचा) क्लॅम्प पाझरताना आधीच सापडला. स्क्रूड्रायव्हरने आवळला, काम झालं.

खरा फरक पडला तो प्लगमुळे. सपाट रस्त्यावर झिजलेला प्लगही निभावून नेतो. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं आणि गाडी मिसिंग मारायला लागते, म्हणजे मधेमधे ठिणगी चुकून झटके खाते. साधे प्लग साधारण ३० ते ४० हजार किलोमीटर चालतात, इरिडियमचे लाखाच्या आसपास. बदलताना इंजिन थंड हवं आणि प्लगच्या टोकाची फट, म्हणजे गॅप, मॅन्युअलप्रमाणेच हवा. मिसिंगसोबत चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागला तर मात्र दामटू नका. न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं.

दोन हजार मीटरच्या वर पिकअप कमी झाला, तेव्हा सोबतच्यांनी लगेच ट्यूनिंगवर शंका घेतली. त्यात ट्यूनिंगचा काही दोष नव्हता. तिथे हवेचा दाब पाचव्या हिश्श्याने कमी असतो, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र) नसलेलं इंजिन तेवढं ढेपाळणारच. इंजेक्शनची गाडी इंधन आपणहून जुळवून घेते. कार्ब्युरेटरची असेल तर मिश्रण रिच होऊन (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) प्लग काळे पडतात.

ट्रकांमागे रखडताना तापमानाचा काटा चढला. एसी बंद, हीटर पूर्ण चालू (तो इंजिनची उष्णता ओढून घेतो), काचा खाली. प्रवासी वैतागले, पण काटा उतरला. उतरला नाही तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि गरम रेडिएटरच्या झाकणाला हातही लावू नका.

उताराची तयारी बहुतेक जण विसरतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश असतो, ओलावा धरल्यावर तो १५५ पर्यंत येऊ शकतो; उतारावर ब्रेक तापून ते उकळलं की ब्रेक लागत नाहीत. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदला आणि ज्या गिअरमध्ये चढलात साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकचं पेडल मऊ लागलं की खालचा गिअर टाका, थांबा आणि ब्रेक पुरते गार होऊ द्या. गरम चाकांवर पाणी ओतू नका, डिस्क वाकडी होते.