नर्मदेकाठी ट्रेलर, आणि विजेचा हिशेब

आईला सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी नेब्युलायझर, म्हणजे औषधाची वाफ श्वासातून देणारं यंत्र, लागतो. मंडलेश्वरच्या पुढे नर्मदेकाठी आम्ही हिवाळ्यात गाडीमागे जोडायचा, राहायचा ट्रेलर लावतो, तिथे विजेचा खांब नाही. त्यामुळे सोलर बसवताना माझी कसोटी एकच होती: ऊन असो वा ढग, आईचा नेब्युलायझर अडता कामा नये.

इंदूरच्या दुकानांत पहिला प्रश्न यायचा, "कितने वॉट का पॅनल दूँ?" माझ्या मते सुरुवात पॅनलपासून करूच नये, विजेच्या खर्चापासून करावी. बाबा आणि मी वही घेऊन बसलो आणि प्रत्येक वस्तूचे वॉट गुणिले तास मांडले. 12 व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर फ्रिज थंडीत दिवसाला साधारण 350 वॉट-अवर घेतो. माझा लॅपटॉप 180, दिवे 75, नेब्युलायझर दोन वेळा मिळून 75, मोबाइल आणि पाण्याचा पंप मिळून आणखी तेवढेच. बेरीज साडेसातशेच्या वर गेली. इंडक्शन शेगडी सुरुवातीलाच बाद केली. दीड-दोन हजार वॉट 12 व्होल्टवर ओढायचे म्हणजे दीडशे अँपिअरच्या आसपास करंट. त्यापेक्षा पोहे आणि चहा छोट्या सिलिंडरवर उत्तम होतात.

बॅटरी 100 अँपिअर-अवरची, लिथियम आयर्न फॉस्फेटची घेतली. 12.8 व्होल्टच्या हिशेबाने ती 1280 वॉट-अवर होते आणि त्यातले 80 टक्के बिनधास्त वापरता येतात. लेड-ॲसिड बॅटरी टिकवायची तर निम्म्यावरच थांबावं लागतं, शिवाय वजन दुपटीहून जास्त. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवला. तिथे काटकसर नको.

पॅनलवर 200 वॉट छापलेलं असतं, पण तापलेल्या काचेतून, धुळीतून आणि वायरमधून प्रत्यक्षात मी 70 टक्केच धरते. डिसेंबरात कामाचं ऊन साडेचार तास धरलं तर एका पॅनलमधून 630 वॉट-अवर. आमच्या खर्चाला ते अपुरं, म्हणून दोन घेतले: एक छतावर पक्का, दुसरा स्टँडवर मोकळा. या मोकळ्या पॅनलची किंमत तिथे गेल्यावर कळली. आईला ट्रेलर झाडाच्या सावलीत हवा असतो, आणि पॅनलच्या कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी उत्पादन भरपूर घसरतं. 6 चौरस मिलिमीटरच्या लांब वायरने पॅनल उन्हात नेता येतो आणि ट्रेलर सावलीत राहतो. दोन्ही पॅनल वेगवेगळ्या दिशांना असतात म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र एमपीपीटी कंट्रोलर लावला, म्हणजे पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणारं उपकरण.

डिसेंबरात आपल्या अक्षांशावर ऐन माध्यान्हीही सूर्य क्षितिजापासून 44 अंशांच्या आसपासच चढतो. म्हणून मोकळा पॅनल दक्षिणेकडे तोंड करून चांगला उभा कलता ठेवायचा. हे काम बाबांनी स्वतःकडे घेतलंय. स्नान आटोपून आले की पॅनल पुसणं, नंतर दुपारी तो थोडा पश्चिमेकडे वळवणं, आणि मग शंटच्या मीटरवर किती अँपिअर आले ते मला हाक मारून सांगणं. लिथियममध्ये व्होल्टेज जवळजवळ सपाट राहतं, त्यावरून बॅटरी 70 टक्के आहे की 40 हे ओळखता येत नाही. आत किती गेलं, बाहेर किती आलं, हे शंट मोजतो. तो नसता तर आमचा सगळा कारभार अंदाजावर चालला असता.

खरी परीक्षा मावठ्याने घेतली. सलग ढगाळ दिवस, वर भुरभुर पाऊस. तेव्हा बॅटरीच्या 12 व्होल्टवरून घरच्यासारखी वीज करणारा इन्व्हर्टर फक्त नेब्युलायझरपुरता चालू ठेवला; नुसता चालू राहिला तरी तो दहा-एक वॉट खातो, म्हणजे दिवसाला 240. मोबाइल थेट 12 व्होल्टवर, लॅपटॉप बंद, फ्रिज रिकामा करून बंद. दूध रोज गावातून आणलं. महेश्वरला भाजीला जाताना ट्रेलर जोडूनच नेला, कारण चालत्या गाडीच्या विजेवर ट्रेलरची बॅटरी भरणारा डीसी-डीसी चार्जर 20 अँपिअर देतो आणि तासाभराच्या फेरीत अडीचशे वॉट-अवर पदरात पडतात. आईचा नेब्युलायझर एकदाही अडला नाही.

दुसरी बॅटरी घ्यावी असं बाबांचं म्हणणं आहे. मला ते पटत नाही. ढगाळ दिवसांत मोठी बॅटरीही रिकामीच राहणार, तिला भरायला ऊन कुठून आणायचं? त्यापेक्षा ढगांतूनही जे थोडंफार मिळतं ते जास्त गोळा करायला पुढच्या हिवाळ्याआधी मी तिसरा, मोकळा पॅनल घेणार आहे.