तुम्ही विचारलंत म्हणून: एकोणचाळिसावा लागला, की संपला?

"सिझर करायचं हे ठरलंच आहे. मग आठ-दहा दिवस अलीकडची तारीख घेतली तर बिघडलं कुठे?"

हा प्रश्न सतत येतो, फक्त त्यामागची निमित्तं बदलतात. कुणाचं पहिलं सिझर झालेलं असतं, कुणाचं बाळ पायाळू असतं, कुणाला कळांची धास्ती असते. कधी डॉक्टर बाहेरगावी जाणार असतात, कधी नवऱ्याला तेवढेच दिवस सुट्टी असते. आणि कधी काहीच नसतं. पाय सुजलेत, रात्री कूस बदलायची तर उठून बसावं लागतं, आणि बाई म्हणते, आता पुरे.

थोडक्यात उत्तर असं: आईच्या किंवा बाळाच्या तब्येतीचं कारण नसेल, तर ३९ आठवडे पूर्ण होईपर्यंत थांबा. तसं कारण असेल, तर ३९ या आकड्याला चिकटून बसू नका. एवढ्यावर भागलं असतं, पण घोळ होतो तो नेमका दोन शब्दांपाशी. एक 'कारण' आणि दुसरा 'पूर्ण'.

आधी 'पूर्ण'. मुलाला तिसरं लागलं म्हणजे त्याची दोन वर्षं झालेली असतात, हे आपल्याला कुणी समजावून द्यावं लागत नाही. गर्भाच्या बाबतीत मात्र 'एकोणचाळिसावा लागला' हे 'एकोणचाळीस झाले' असं ऐकलं जातं आणि मधला अख्खा आठवडा हरवतो. 'एकोणचाळिसावा चालू' म्हणजे ३८ आठवडे आणि वर काही दिवस. महिन्यांचा हिशेब तर त्याहून फसवा. चार आठवड्यांचा महिना धरला, तर नऊ महिने ३६ आठवड्यांतच भरतात. कॅलेंडरचे महिने धरले, तर तेच नऊ महिने ३९ आठवड्यांच्या थोडं पुढे जातात. एकाच वाक्यात तीन आठवड्यांचा फरक! म्हणून फाइलवर 'आठवडे अधिक दिवस' असंच लिहिलेलं हवं: ३८ आठवडे ५ दिवस, ३९ आठवडे १ दिवस.

हे मोजायचं कुठून? शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, २८० दिवस म्हणजे ४० आठवडे. पण पाळी अनियमित असेल, गर्भनिरोधक गोळ्या नुकत्याच थांबवलेल्या असतील किंवा अंगावर पाजत असतानाच दिवस राहिले असतील, तर ही तारीख चकवते. तेव्हा पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी कामी येते. १३ आठवडे ६ दिवसांपर्यंत बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजून काढलेलं वय पाच ते सात दिवसांच्या आतबाहेर असतं. २८ आठवड्यांनंतरच्या सोनोग्राफीत हीच चूक तीन आठवड्यांपर्यंत जाऊ शकते.

आणि इथेच सगळ्यात नेहमीची फसगत होते. शेवटच्या दिवसांत वाढ बघायला केलेल्या सोनोग्राफीच्या कागदावर मशीन बाळाच्या मापांवरून नवं वय आणि नवी तारीख छापतं. बाळ अंगाने थोराड असेल तर ३६ आठवड्यांच्या बाळापुढे ३८ छापून येतात. घरी आनंद होतो, "बाळ पुढे आहे". बाळ पुढे नसतं, फक्त मोठं असतं. पहिल्या सोनोग्राफीने ठरलेली तारीख नंतरच्या कागदावरून बदलायची नाही. २२ आठवड्यांपर्यंत एकही सोनोग्राफी झालेली नसेल, तर तारीख कच्ची समजायची, आणि अशा वेळी सोयीसाठी अलीकडे ओढणं तर नकोच. आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) असेल तर गर्भ आत सोडल्याची तारीखच माहीत असते, तिथे वाद नाही.

आता एका आठवड्याचा एवढा बाऊ कशाला? याचं उत्तर फुप्फुसांत आहे. पोटात असताना बाळाची फुप्फुसं हवेने नाही, द्रवाने भरलेली असतात. हा द्रव बाहेरून शिरलेला नसतो, फुप्फुसांच्या पेशीच तो तयार करतात. दिवस भरत आले आणि विशेषतः कळा सुरू झाल्या, की बाळाच्या शरीरात अॅड्रेनलिनसारखी संप्रेरकं वाढतात आणि त्याच पेशी उलटं काम करू लागतात, द्रव शोषून घेऊ लागतात. कळा न येताच बाळ बाहेर काढलं, तर हा बदल अर्धवट राहिलेला असतो. जेवढं लवकर, तेवढा अर्धवट. मग बाळ मिनिटाला साठाहून जास्त श्वास घेतं, नाकपुड्या फेंदारतात, कण्हल्यासारखा आवाज येतो आणि ऑक्सिजन लावावा लागतो. बहुतेक बाळं एक ते तीन दिवसांत सावरतात. पण ते दिवस बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आणि टाके घातलेली आई दुसऱ्या मजल्यावर, असे जातात. श्वास जोरात चालू असलेल्या बाळाला पाजता येत नाही, त्यामुळे दूध यायलाही उशीर होतो. थोड्या बाळांना व्हेंटिलेटर लागतो.

डेन्मार्कमधल्या ३४ हजारांहून अधिक जन्मांच्या अभ्यासात (२००८) कळांआधी नियोजित सिझर झालेल्या बाळांमध्ये श्वासाचा त्रास ३७ आठवड्यांना १० टक्के, ३८ला सुमारे ५ आणि ३९ला सुमारे २ टक्के दिसला. दर आठवड्याला निम्मा किंवा त्याहून कमी. २००९ साली अमेरिकेत दुसऱ्या-तिसऱ्या नियोजित सिझरच्या १३ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात श्वास, साखर कमी होणं, जंतुसंसर्ग, एनआयसीयू अशा सगळ्या अडचणी एकत्र धरल्या होत्या: ३७ला १५.३ टक्के, ३८ला ११, ३९ला ८. मला त्यातली जास्त बोलकी वाटते ती वेगळीच गोष्ट. ३८ आठवडे ४ दिवस ते ३८ आठवडे ६ दिवस या शेवटच्या तीन दिवसांतसुद्धा धोका ३९च्या मानाने थोडा जास्तच होता. म्हणजे "दोनच दिवस तर कमी आहेत" हा युक्तिवादही पुरता टिकत नाही.

श्वासापलीकडेही काही आहे. लवकर आलेलं बाळ ओढून प्यायला कमी पडतं, पटकन थंड पडतं, त्याची साखर उतरते, कावीळ जास्त दिसते. "पण वजन तीन किलो भरलंय" याने यातलं काही टळत नाही. मधुमेही आईचं बाळ वजनाला भरपूर आणि फुप्फुसांनी कच्चं, असं असू शकतं.

मग विचारलं जातं, फुप्फुसांची इंजेक्शनं देऊन ३७लाच का करू नये? बीटामेथासोनचे १२ मिलिग्रॅमचे दोन डोस, २४ तासांच्या अंतराने, हे औषध उपयोगी आहेच, पण ते मुदतीआधी प्रसूती करावीच लागणार आहे त्यांच्यासाठी. मुदतीच्या जवळ दिल्यास जन्मानंतर बाळाची साखर उतरण्याचं प्रमाण वाढतं. जे काम दोन आठवडे थांबून फुकट होतं, त्यासाठी औषध टोचून वर नवी अडचण विकत घेणं मला पटत नाही.

आता 'कारण'. वार (प्लासेंटा) गर्भाशयाच्या तोंडावर असेल, तर ३६ ते ३७ आठवडे ६ दिवस या दरम्यान सिझर करतात, कारण कळांची वाट पाहणं म्हणजे रक्तस्रावाची वाट पाहणं. वार आधीच्या व्रणात रुजलेली असेल तर ३४ ते ३५ आठवडे ६ दिवस. आधीच्या सिझरमध्ये गर्भपिशवीवर उभा छेद घेतला असेल तर ३६ ते ३७. रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिनं जात असतील तर ३७ पूर्ण होताच, आणि लक्षणं तीव्र असतील तर ३४नंतर थांबत नाहीत. वेगवेगळ्या वारेची जुळी ३८ ते ३८ आठवडे ६ दिवस या दरम्यान, एकाच वारेची त्याआधी. आईची साखर आटोक्यात नसेल तर ३७ ते ३८ आठवडे ६ दिवस; गोळ्या-इन्सुलिनवर नीट आटोक्यात असेल तर ३९पर्यंत थांबता येतं. बाळाची वाढ खुंटली असेल तर डॉप्लर (नाळेतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) बघून ठरतं.

आणि ही कारणं नव्हेत: गळ्याभोवती नाळ, जी चार-पाचांतल्या एका बाळाला असतेच. बाळाभोवतीचं 'पाणी थोडं कमी', जोवर सर्वांत खोल कप्पा दोन सेंटिमीटरच्या खाली गेलेला नाही. 'बाळ मोठं दिसतंय', कारण सोनोग्राफीतलं वजन दहा-पंधरा टक्क्यांनी सहज चुकतं. वजनासाठी सिझरचा विचार मधुमेह असेल तर साडेचार किलोच्या अंदाजापासून आणि नसेल तर पाच किलोपासून सुरू होतो, आणि तोही ३९च्या आत ओढण्यासाठी नाही.

लवकर तारीख मागण्यामागे खरी भीती बहुधा वेगळी असते. मध्येच कळा आल्या तर? रास्त आहे. ३९च्या आसपासची तारीख घेतलेल्या साधारण दहातल्या एकीला त्याआधीच कळा सुरू होतात. त्याला उपाय तारीख ओढणं हा नाही, तर अशा रात्रीची तयारी ठेवणं हा आहे. रात्री दोनला भूलतज्ज्ञ किती वेळात येतात, रक्त कुठून मिळतं, बाळांचे डॉक्टर इमारतीत असतात की फोनवर, हे आत्ताच विचारा. नुकतं जेवण झालेलं असलं तरी सिझर होतं. कमरेत भूल देतात आणि पोटातलं आम्ल कमी करायचं औषध देतात. आधी सिझर झालेलं असेल, तर नियमित कळा सुरू झाल्यावर घरी घड्याळ बघत बसायचं नाही. पाणी गेलं, रक्त दिसलं, बाळाची हालचाल मंदावली, डोकं सणकून दुखून डोळ्यांपुढे चमकलं, तर तारीख कोणतीही असो, त्याच तासाला निघायचं.

थांबण्यालाही तोटा आहे, हे लपवायचं कारण नाही. पोटात बाळाला अचानक काही होण्याचा धोका फार लहान असतो, पण शून्य नसतो आणि ४० आठवड्यांनंतर तो वाढत जातो. म्हणूनच ३९ पूर्ण झाल्यावर उगाच रेंगाळू नये. ३९ आठवडे ० दिवस ते ३९ आठवडे ६ दिवस हा पट्टा त्यातूनच निघाला आहे.

कधी करायचं यापेक्षा करायचं का, हा प्रश्न मोठा, आणि तो बऱ्याचदा विचारलाच जात नाही. आणखी मुलं हवी असतील तर प्रत्येक सिझर पुढच्या गरोदरपणावर उधारी ठेवतं. वार तोंडावर आली असेल, तर ती भिंतीत रुजलेली सापडण्याचं प्रमाण पहिल्या सिझरच्या वेळी ३ टक्के, दुसऱ्याला ११ आणि तिसऱ्याला ४० टक्के आढळलं आहे. एकदा खालचा आडवा छेद झालेला असेल, तर पुढची प्रसूती नैसर्गिक होण्याचा यशाचा दर ६० ते ८० टक्के आणि व्रण फाटण्याचा धोका दोनशेत एक ते शंभरात एक यांच्या दरम्यान. मात्र पोटावरचा आडवा व्रण बघून आतला छेद आडवाच असेल असं समजू नका. त्यासाठी जुन्या ऑपरेशनचा कागद लागतो. तो आजच शोधा, आदल्या रात्री नाही.

तारीख ठरली की बाकीचं सोपं. हिमोग्लोबिन महिनाभर आधी बघा, म्हणजे वाढवायला वेळ मिळतो. जड जेवण आठ तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. घरी ब्लेडने केस काढू नका, बारीक चिरांमधून संसर्ग होतो. गरज असेल तर तिथेच ट्रिमरने काढतात. अँटिबायोटिक छेदाच्या आधी, तासाभराच्या आत द्यायचं असतं. नाळ अर्ध्या ते एक मिनिटाने कापाल का आणि बाळ लगेच छातीवर द्याल का, हे आधी बोलून ठेवा. टेबलावर आठवत नाही.

बाळ पायाळू म्हणून सिझर असेल, तर आणखी एक. ३६-३७ आठवड्यांना पोटावरून हातांनी बाळ फिरवायचा प्रयत्न करता येतो, साधारण निम्म्या वेळा जमतो. नाही जमला, तरी ऑपरेशनच्या दिवशी सकाळी पुन्हा सोनोग्राफी करून बघायला सांगा. काही बाळं शेवटच्या दिवसांत आपणहून डोकं खाली करतात, आणि मग भरलेली बॅग घेऊन घरी परत यायचं असतं.