मोतमाउलीची वाट आणि मामांचा शताधिपती

पहाटे दादरच्या पोर्तुगीज चर्चपाशी जमायचं, माहीममार्गे चालत बांद्रा गाठायचं आणि मोतमाउलीच्या, म्हणजे येशूच्या आईच्या (माउंट मेरीच्या) जत्रेतली मराठी मिस्सा, चर्चमधली उपासना, धरायची, ही आमच्या घरची वारी. ८ सप्टेंबरच्या सणानंतर जत्रेचा आठवडा असतो, तेव्हा. यंदा मामा बरोबर होते. हवालदार म्हणून रिटायर झालेले, गुडघे कुरकुरतात, पण टॅक्सीचं नाव काढू देत नाहीत.

लेडी जमशेटजी रोडवर जपमाळ झाली. कॉजवेवर खाडीचा वास नाकात शिरला तशी मामांनी आपली आवडती गोष्ट काढली: मत्तयच्या शुभवर्तमानातल्या आठव्या अध्यायातला रोमी शताधिपती, म्हणजे शंभर शिपायांचा नायक. चाकर आजारी, येशू घरी यायला तयार, तर हा म्हणतो, नुसता शब्द बोला. मीही कुणाच्या हुकमातला, माझ्याही हाताखाली शिपाई आहेत; एकाला जा म्हटलं की जातो.

"अधिकार कसा असतो ते हुकूम घेणाऱ्यालाच कळतं," मामा म्हणाले. "यहुदी शास्त्र्यांना नाही कळलं, या परक्या शिपायाला कळलं."

मला अर्धंच पटलं. ठाण्यात ऐकलं नाही तर मेमो येतो. डोंगरावर येशूचं रूपांतर होतं तेव्हा ढगातून वाणी येते: हा माझा प्रिय पुत्र, याचं ऐका. पुढे धमकी नाही की कारण नाही.

"त्याआधी त्याचा शिष्य पेत्र तीन मंडप बांधायच्या गप्पा मारत होता, म्हणून सांगावं लागलं," मामा म्हणाले. "तूही कॉजवेपासून तेच करतोयस."

हिल रोड संपवून चढाला लागलो. दुतर्फा मातेला वाहायचे मेणाचे हात, पाय, बाळं, घरं. मामांनी घासाघीस करून एक पाय घेतला. वर १९०४ साली बांधलेल्या चर्चचे मनोरे, खाली ही रांग! आम्ही सगळे मातेला काहीतरी सांगायला आलेलो, आणि योहानाच्या शुभवर्तमानात तिचं शेवटचं बोलणं काना गावच्या लग्नातल्या चाकरांशी आहे: तो सांगेल ते करा. संपला होता द्राक्षारस, आणि त्यांना भरायला सांगितलं पाणी. सहा दगडी रांजण त्यांनी काठोकाठ भरले. मला त्या काठोकाठचं फार नवल वाटतं. अर्धे भरूनही वेळ मारून नेता आली असती.

"एकेका रांजणात दोन-तीन मण," मामा म्हणाले, "आणि एकानेही विचारलं नाही, कशाला म्हणून."

तेवढ्यात स्वयंसेवकाने आमची रांग डावीकडे वळवली आणि मामा त्याच्याशी हुज्जत घालू लागले.