दीड किलो बटाटे, तीन भाज्या आणि पाण्याशी भांडण

बटाट्याच्या वजनात जवळपास 80 टक्के पाणी असतं. उरलेल्यात बहुतेक स्टार्च. म्हणजे किलोभर बटाटे घरी आणताना आपण पिशवीतून पाऊण किलोच्या वर पाणीच वाहून आणतो. सुक्या भाजीचा लगदा होतो, काचऱ्या कढईला चिकटून बसतात, रस्सा पाणचट राहतो, या सगळ्या तक्रारींच्या मुळाशी हेच पाणी असतं. ते कधी घालवायचं, कधी ठेवायचं आणि कधी वाफेच्या रूपात वापरून घ्यायचं एवढं ठरवलं की बटाटा निमूट ऐकतो. दीड किलो घेऊन मी त्याचे तीन वाटे करतो, अर्धा किलो प्रत्येकी, आणि तीन भाज्यांत तीन प्रकारे त्याच्याशी भांडतो.

आधी निवड. बटाटा हाताला कडक लागला पाहिजे. दाबल्यावर दबत असेल तर त्यातलं पाणी उडायला लागलंय. हिरवी झाक असलेला मी घेत नाही. तो हिरवा रंग स्वतः निरुपद्रवी असतो, पण जिथे तो आला तिथे बहुधा सोलॅनिनही वाढलेलं असतं. ते कडू असतं, पोटाला त्रास देतं आणि उकडून जात नाही. एखादा डाग असेल तर जाडसर कापून टाकावा. अर्धा बटाटा हिरवा असेल तर त्याच्याशी काटकसर करू नये. कोंब आलेलं असेल तर डोळ्यासकट खोल कोरून काढावं.

घरी आणल्यावर बटाटे फ्रिजमध्ये ठेवायचे नाहीत. थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होऊ लागते. अशा बटाट्याच्या काचऱ्या पाच मिनिटांत काळपट होतात, आतून कच्च्या राहतात आणि लागतात गोडसर. गॅस बारीक करून, तेल बदलून काही उपयोग नाही, कारण जळतेय ती साखर. अंधारी, हवेशीर टोपली पुरते. चुकून फ्रिजमध्ये गेलेच असतील तर ते रश्शात घालावेत, तिथे गोडवा खपून जातो.

आता प्रश्न, हातातला बटाटा पिठूळ की चिकट? अंगठ्याने साल सुटत असेल तर तो नवा, पाणी जास्त, शिजून आकार धरणारा. जाड सालीचा जुना बहुधा पिठूळ, उकडला की फुटणारा. खात्रीच करायची असेल तर पाव वाटी मीठ पावणेतीन वाट्या पाण्यात विरघळवायचं आणि उभट भांड्यात त्यात एक लहानसा बटाटा सोडायचा. बुडला तर पिठूळ, तरंगला तर चिकट. जास्त स्टार्च म्हणजे जास्त घनता, एवढंच गणित. रोज हे कोणी करत नाही, मीही करत नाही. पण नवीन पोतं उघडल्यावर एकदा केलं की महिनाभराचं धोरण ठरतं. तरंगणारे काचऱ्यांना आणि सुक्या भाजीला, बुडणारे रश्शाला.

पहिला वाटा उकडून पिवळ्या सुक्या भाजीचा. बटाटे सालासकट, अख्खे, शक्यतो एकाच आकाराचे. सोलून फोडी करून उकडले तर कापलेल्या प्रत्येक बाजूने पाणी आत शिरतं आणि चव बाहेर जाते. गार पाण्यापासूनच सुरुवात करायची. उकळत्या पाण्यात टाकले तर बाहेरचा थर फुटेपर्यंत मधला गाभा कच्चाच राहतो. उघड्या पातेल्यात उकळी आल्यावर मध्यम बटाट्याला 20 ते 25 मिनिटं लागतात. कुकरमध्ये तीन शिट्ट्या, मग गॅस बंद, आणि वाफ आपोआप जिरेपर्यंत झाकणाला हात नाही. शिट्टी उचलून वाफ सोडली की साली तडकतात. सुरी विनातक्रार आत गेली पाहिजे, पण बटाटा सुरीला लोंबकळता कामा नये.

बाहेर काढले की पाण्यात एक क्षणही ठेवू नका. चाळणीत पसरा, दहा मिनिटं वाफ जाऊ द्या, साल कोमट असताना काढा, पण फोडी मात्र पूर्ण गार झाल्यावर करा. गार होताना स्टार्च पुन्हा घट्ट होतो, म्हणून गार बटाट्याच्या फोडी धारदार येतात आणि परतताना कडा टिकतात. गरम असताना कापले की भाजी करायला घेतली होती आणि पुरण झालं, अशी अवस्था होते. (वड्याचं सारण करायचं असेल तर याच्या उलट: गरम असतानाच हाताने कुस्करायचं. मिक्सर वर्ज्य. पात्याने स्टार्चच्या पेशी फाटतात आणि भांड्यात जे उरतं त्याने लिफाफे चिकटवता येतात.)

फोडणीला तीन मोठे चमचे तेल, एक चहाचा चमचा मोहरी, अर्धा जिरं, पाव चमचा हिंग, चार हिरव्या मिरच्या, आठ-दहा कढीपत्त्याची पानं, इंचभर आलं किसून, अर्धा चमचा हळद. मोहरी पूर्ण तडतडू द्यायची, अर्धवट तडतडलेली दाताखाली कडू लागते. कढीपत्ता पुसून घ्या, ओला टाकलात तर तेल तुमच्यावर उलटतं. हळद घालायच्या आधी गॅस बारीक करायचा, कारण तापल्या तेलात ती काही सेकंदांत तपकिरी होते. तशी झालीच तर फोडणी टाकून नवी करावी. वाचवायला जाऊ नये, अर्धा किलो बटाटे कडू होतात. मग फोडी, सव्वा चमचा मीठ, अर्धा चमचा साखर. उलथन्याने तळापासून वर, तीन-चार वेळाच. दोन मिनिटं झाकण, दोन मिनिटं उघडी. लिंबू आणि कोथिंबीर गॅस बंद केल्यावर. लिंबू उकळलं की त्याचा ताजेपणा जातो आणि नुसता आंबटपणा मागे राहतो.

उपासाला हेच बटाटे तुपात, जिरं-मिरचीवर, हळद-मोहरी न घालता, आणि शेवटी तीन मोठे चमचे दाण्याचं कूट. कूट आधी घातलं की ते ओल शोषून गोळे धरतं आणि तळाशी करपतं. अँडीज पर्वतात जन्मलेली, पोर्तुगीजांच्या हातून इथे आलेली आणि त्यांच्याच भाषेतलं नाव लावून फिरणारी ही पाहुणी उपासाला चालते आणि गहू चालत नाही, याचं उत्तर गव्हाने मागावं.

दुसरा वाटा काचऱ्यांचा, आणि सगळी कारागिरी इथेच लागते. बटाटे सोलून उभे अर्धे करायचे आणि दोन-तीन मिलिमीटरचे अर्धगोल काप. विळीवर करा, सुरीने करा, पण जाडी एकसारखी. पातळ काप कुरकुरून जळतात आणि जाड कच्चे राहतात, आणि मग कढईवर उभं राहून कोणाची बाजू घ्यावी ते कळत नाही. काप लगेच पाण्यात टाका, नाहीतर हवा लागून काळे पडतात. दोन-तीनदा पाणी बदलून धुवा. पहिलं पाणी दुधासारखं पांढरं दिसेल, ते वरवरचं स्टार्च. तेच कढईला चिकटतं. पाणी स्वच्छ आलं की निथळा आणि कापडावर पसरून खरंच कोरडे करा. ही पायरी सगळे गाळतात आणि मग कढईला दोष देतात. ओले काप तेलात पडले की आधी ते पाणी उकळतं, तोवर तेल तापत नाही, आणि परतणं राहतं बाजूला, सुरू होतं उकडणं.

पसरट लोखंडी कढई, चार मोठे चमचे तेल. कढई आधी कोरडीच चांगली तापवायची, मग तेल, मग फोडणी, मग काप. दोन थरांपेक्षा जास्त थर नकोत. अर्धा किलोच्या वर असेल तर दोनदा करा. मध्यम आचेवर पहिली पाच मिनिटं झाकण: बटाट्यातल्याच पाण्याची वाफ होऊन काप आतून शिजतात. झाकण काढताना सरळ उचलून बाजूला न्या. तिरकं केलंत की झाकणाला जमलेलं पाणी परत कढईत, आणि पाच मिनिटांची कमाई गेली. पुढची दहा-बारा मिनिटं उघडं. दर तीन मिनिटांनी एकदाच, उलथनं तळाशी सपाट घालून उलटायचं. ज्यांचा हात स्वस्थ राहत नाही त्यांनी या वेळात कोथिंबीर निवडावी. सारखं हलवलं की काप मोडतात आणि एकाही कापाला रंग चढायला वेळ मिळत नाही. काप चिकटला असेल तर खरवडू नका, मिनिटभर थांबा. खालचा पापुद्रा तयार झाला की तो आपणहून सुटतो.

मीठ अगदी शेवटी, काप सोनेरी झाल्यावर, सपाट एक चहाचा चमचा. आधी घातलं की ते आतलं पाणी बाहेर ओढतं आणि काचऱ्या मऊ पडतात. तिखटही तेव्हाच, एक चमचा, कारण वीस मिनिटं तेलात राहिलं तर काळं होतं.

तिसरा वाटा रस्सा. इथे पाणी आणि स्टार्च दोन्ही आपल्या बाजूचे, म्हणून फोडी धुवायच्या नाहीत. आधी अख्खा बटाटा धुऊन, सोलून, इंचभराच्या फोडी. फोडणीवर कांदा परतून, तिखट, गोडा मसाला घालून फोडी दोन मिनिटं परतायच्या आणि अडीच वाट्या उकळतं पाणी. गार पाणी ओतलं की उकळी मोडते आणि शिजायला उशीर. टोमॅटो, चिंच किंवा आमसूल मात्र फोडी पाऊण शिजल्यावरच. आंबटाने बटाट्याच्या पेशींना जोडणारं पेक्टिन विरघळायचं थांबतं. आधी चिंच घातलेला रस्सा तासभर उकळला तरी फोड दाताखाली कचकचते, आणि घरातले म्हणतात बटाटाच वाईट निघाला. फोडी शिजल्या की तीन-चार कढईच्या कडेला डावाने चेपून रश्शात मिसळा. दाटपणासाठी वेगळं पीठ लावावं लागत नाही.

रस्सा खारट झाला तर त्यात कच्चा बटाटा टाकण्याचा सल्ला हमखास मिळतो. बटाटा मीठ निवडून खात नाही. तो खारट पाणी जसंच्या तसं शोषतो, बाहेरचा खारटपणा तेवढाच राहतो, फक्त रस्सा कमी होतो. गरम पाणी वाढवणं आणि मसाला थोडा वाढवणं एवढाच उपाय आहे.

उरलेला रस्सा दुसऱ्या दिवशी खिरीसारखा घट्ट झालेला दिसेल. अर्धी वाटी उकळतं पाणी घालून बारीक आचेवर ढवळला की सैल होतो, मीठ मात्र पुन्हा चाखून बघायचं. सुकी भाजी पोळीत भरून परतायच्या कामी येते. काचऱ्या सहसा उरत नाहीत. उरल्याच तर कोरड्या तव्यावर, झाकण न ठेवता, चार मिनिटं.