तुम्ही विचारलंत म्हणून: न जाणारं पॉलिश

लाकडाची वस्तू हातात दिली की माणसं आधी तिचा वास घेतात. मग अंगठा फिरवतात, आणि मग ठरलेला प्रश्न येतो, ‘याला पॉलिश कुठलं मारलंय? जात नाही ना?’ पेन असो, सुरीची मूठ असो, नाहीतर व्हेपचं, म्हणजे ई-सिगारेटचं, लाकडी कवच, प्रश्न तोच.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, जातं. सगळंच जातं. कपाटाच्या दाराला महिन्यातून एकदा फडकं लागतं. हातातल्या वस्तूला दिवसभर बोटं, घाम, खिशातल्या किल्ल्या आणि सॅनिटायझर लागतो. त्यामुळे ‘किती टिकेल?’ यापेक्षा ‘गेलं तर घरच्या घरी परत लावता येईल का?’ हे मी आधी बघतो. एवढं ठरलं की निम्म्या बाटल्या फडताळावरच राहतात.

त्यातल्या त्यात व्हेपचं कवच हे अवघड गिऱ्हाईक. मी स्वतः ओढत नाही, ओढावं असंही कुणाला सांगणार नाही. पण कारागीर म्हणून त्यात मजा आहे. मुठीएवढा ठोकळा, आतून पोखरलेला, भिंती जेमतेम चार-पाच मिलिमीटरच्या. बाहेरून घाम, आतून थोडी ऊब, आणि वरच्या तोंडाशी कधीतरी गळणारा व्हेपचा रस. हे तिन्ही ज्याला जमलं त्याला पेन आणि मुठी सोप्याच जातात.

आता पॉलिशच्या आधीची गोष्ट, कारण बहुतेकांचं काम तिथेच बिघडतं. १२० नंबरच्या घासायच्या कागदाने सुरू करून १८०, २४०, ३२० असं चढत जायचं, मधला नंबर गाळायचा नाही. गाळला तर १२० चे ओरखडे ४०० नेही जात नाहीत, नुसते गुळगुळीत होतात आणि तेल लागलं की काळ्या रेघा होऊन वर येतात. दिवा एका बाजूने तिरका धरून बघा, सगळं दिसतं. २४० नंतर ओल्या फडक्याने लाकूड पुसायचं आणि वाळू द्यायचं. लव उभी राहते, हाताला खरखर लागते. ती ३२० ने हलकेच उतरवायची आणि पुन्हा एकदा पुसायचं. हे आज तुम्ही केलं नाहीत तर वापरणाऱ्याच्या तळहाताचा घाम ते पहिल्या आठवड्यात करेल, आणि मग ‘पॉलिश खडबडीत झालं’ म्हणून वस्तू परत येईल. ठोकळ्याचं जे तोंड रेषेला आडवं कापलेलं असतं, तिथे लाकडाच्या नळ्या उघड्या असतात. ती बाजू तेल पितच राहते आणि काळी पडते. तिथे मी एक नंबर पुढे जातो, ४०० पर्यंत.

तेलाकडे येऊ. घरात आहे म्हणून शेंगदाण्याचं किंवा खोबरेल लावणारे पुष्कळ. ती तेलं वाळत नाहीत, नुसती आत बसतात आणि काही महिन्यांनी खवट वास सोडतात. जवसाचं तेल आणि टुंग तेल (टुंग नावाच्या झाडाच्या बियांचं) यांची गोष्ट वेगळी. ती पाण्यासारखी उडून वाळत नाहीत, उलट ती हवेतला ऑक्सिजन घेतात आणि त्यांचे रेणू एकमेकांत अडकून घट्ट जाळं होतं. म्हणून ‘वाळणं’ हा शब्द इथे खरं तर चुकीचाच. कच्चं जवस तेल कित्येक दिवस चिकट राहतं. दुकानात ‘बॉइल्ड’ म्हणून मिळतं ते बहुधा उकळलेलं नसतं, त्यात लवकर वाळावं म्हणून कोबाल्ट किंवा मँगनीजसारख्या धातूंचे क्षार असतात. तोंडाजवळ जाणाऱ्या वस्तूला मी ते लावत नाही. शुद्ध टुंग तेल लावतो आणि वाट बघतो. हात पातळ मारायचा, वीस मिनिटं मुरू द्यायचं, वर राहिलेला थेंबन्‌थेंब पुसून काढायचा. चार-पाच हात, दोन हातांच्या मध्ये दोन-तीन दिवस. शेवटच्या हातानंतर महिनाभर वस्तू नुसती ठेवून द्यायची. वास पूर्ण गेला की मगच देतो.

आणि ती तेलाची चिंधी! ऑक्सिजन घेताना ऊब सुटते. चोळामोळा करून टाकलेल्या चिंधीत ती ऊब कोंडते आणि चिंधी आपोआप पेटते. हे ऐकीव नाही. २३ फेब्रुवारी १९९१ ला अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या ‘वन मेरिडियन प्लाझा’ या ३८ मजली इमारतीला बाविसाव्या मजल्यावर आग लागली, ती तिथे लाकूडकामानंतर ठेवलेल्या जवस तेलाच्या चिंध्यांमुळे. अग्निशमन दलाचे तीन जवान गेले. माझ्याकडे चिंध्या एकेक पसरून, लोखंडी गजावर, उघड्यावर वाळतात. पूर्ण कडक झाल्याशिवाय एकही कचऱ्यात जात नाही.

तेलाने मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलं. काळसर शिसवीचं एक कवच होतं, रेषा इतक्या सुंदर की मी घासतानाच खूश. तेल लावलं, पुसलं, ठेवलं. आठ दिवस झाले, चिकट. पंधरा दिवस झाले, तरी बोट ठेवलं की ठसा. मला वाटलं तेल खराब निघालं. नंतर कळलं, शिसवीच्या जातीतल्या लाकडांत स्वतःचीच तेलं आणि राळ असते आणि त्यातली काही द्रव्यं ऑक्सिजनची ही प्रक्रिया अडवतात. सागवानही थोडा त्याच वळणाचा. मग सगळं पुसून काढलं, ॲसिटोनने धुतलं, आणि आधी मेण काढलेल्या लाखेचे दोन पातळ हात दिले. शिसवीला आता मी तेल दाखवतच नाही.

लाखेबद्दल मी जरा पक्षपाती आहे. एका इवल्याशा किड्याने फांदीवर सोडलेली राळ, तिचा चपडा, म्हणजे पातळ पापुद्रे, करायचा, स्पिरिटमध्ये विरघळवायचा, बोळ्याने फिरवायचा. पाच मिनिटांत वाळते, जवळजवळ कशावरही बसते, आणि एवढी निर्धोक की गोळ्या-औषधांच्या आवरणाला वापरतात. पण स्पिरिटमध्ये विरघळते याचा अर्थ सॅनिटायझरमध्येही विरघळते. मी एका मित्राला लाखेचं पॉलिश केलेलं पेन दिलं होतं. तो दवाखान्यात काम करतो, दिवसातून पन्नास वेळा हात चोळतो. महिन्याभरात पेनाच्या पकडीवर बोटांच्या आकाराचे तीन चिकट खड्डे. त्याने काही म्हटलं नाही, फक्त पेन टेबलावर ठेवून माझ्याकडे बघितलं. उष्णतेलाही लाख कच्ची. ७५-८० अंशाच्या आसपास ती मऊ पडते. म्हणून लाख खाली अस्तराला, वरून दुसरं काहीतरी.

पीयू (पॉलियुरेथेन) किंवा मेलामाइन या प्लास्टिकसारख्या पॉलिशचा जाड काचेसारखा थर लोकांना आवडतो, आणि जेवणाच्या टेबलाला मीही तेच सुचवेन. हातातल्या वस्तूवर मात्र तो कोपऱ्यावर आपटून फुटतो. फुटलेल्या जागेतून घाम आत शिरतो आणि थराखाली लाकूड काळं पडतं. दुरुस्ती म्हणजे सगळं खरवडून पुन्हा पहिल्यापासून. सुपरग्लूचं फिनिश पेनवाल्यांत लोकप्रिय आहे, चमक झकास येते. फक्त तो सुती कपड्याने लावू नका. सुतात मुरला की क्षणात इतका तापतो की बोट भाजतं, आणि वाफ डोळ्यांत जाते ती वेगळीच.

मेणाचं थोडक्यात. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, हातात मऊ लागतं, लवकर झिजतं. ब्राझीलच्या एका ताडाच्या पानांवरचं कार्नोबा मेण ८२ ते ८६ अंशांपर्यंत तग धरतं, म्हणून तंबाखूच्या पाइपांवर बाहेरून तेच चढवतात. दोन्ही मिसळून वर एक हात, बस.

आता आतली बाजू. एकदा एक जण दुसऱ्या कुणीतरी केलेलं कवच घेऊन आला. पहिल्या दिवसापासून थिनरचा वास येतो म्हणाला. उघडून बघितलं तर करणाऱ्याने हवेच्या वाटेतसुद्धा लॅकर, म्हणजे थिनरमध्ये कालवलेलं चकचकीत पॉलिश, ओतलेलं. त्यातून तो रोज श्वास घेत होता! पाइप करणारे जुने कारागीरही आतल्या भागाला पॉलिश लावत नाहीत, त्यामागचं कारण हेच. जिथून हवा किंवा वाफ जाते आणि जिथे तापतं, तिथे लाकडाचा संबंधच नको. धातूची किंवा काचेची नळी बसवा. कण्हेरीसारखं विषारी लाकूड तर असल्या वस्तूच्या जवळही नको.

बॅटरीच्या खोबणीला मात्र उलटा नियम. नुसतं बाहेरून बंद केलं आणि आतून उघडं सोडलं तर लाकूड एकाच बाजूने दमट हवा घेतं आणि वाकतं. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं, आणि वाढचक्रांच्या रेषेत तर त्यांना आडव्या दिशेच्या साधारण दुप्पट. चार मिलिमीटरच्या भिंतीला तेवढं पुरतं, झाकण बसेनासं होतं. म्हणून खोबणीत मी लाखेचा एक पातळ हात देतो. आणि वरच्या तोंडाशी, जिथे टाकी बसते, तिथे पातळ इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणारी राळ. व्हेपच्या रसात ग्लिसरीन आणि प्रोपिलीन ग्लायकॉल असतं. दोन्ही हवेतलं पाणी ओढून घेतात, आणि एकदा लाकडात मुरले की तो डाग वाळायचं नाव घेत नाही.

तो थिनरचा वास येणारा गडी वर्षाने पुन्हा आला. मी आतलं लॅकर काढून धातूची नळी बसवली होती, बाहेरून टुंग तेल आणि मेण. कवचावर अंगठा टेकतो तिथे खोल तपकिरी, झिजून मऊ झालेला एक डाग पडला होता. मी ४०० चा कागद हातात घेतला तसा तो म्हणाला, ‘तेवढं राहू द्या.’ मग बाकीचं घासलं, डागाच्या कडेकडेने, आणि तेलाचा एक हात मारून दिलं.