आधी हट, मग तिकीट, मग ताई: न्यूझीलंडच्या केप्लर ट्रॅकचा माझा अनुभव

परदेशात नातेवाईक असले की बेत बहुतेक वेळा उलटा आखला जातो. आधी स्वस्त तिकीट शोधायचं, मग ताईची रजा बघायची आणि उरलेल्या दिवसांत 'एखादा ट्रेक बसवून टाकू'. न्यूझीलंडला हे चालत नाही. तिथल्या 'ग्रेट वॉक' नावाच्या नावाजलेल्या पायवाटांवर हटमधला, म्हणजे वाटेवरच्या मुक्कामाच्या घरातला, प्रत्येक बंक (झोपायची जागा) रात्रीगणिक बुक करावा लागतो. दक्षिण बेटावरच्या केप्लर ट्रॅकवर तर मोठ्यात मोठ्या लक्समोर हटमध्येही जेमतेम 50-55 माणसं मावतात. म्हणून मी आधी 'डॉक'च्या, म्हणजे डिपार्टमेंट ऑफ कॉन्झर्वेशनच्या संकेतस्थळावर सलग तीन रात्री मिळतात का ते पाहिलं. त्या तारखांच्या अलीकडे-पलीकडे ऑकलंडच्या मामेबहिणीकडचे, म्हणजे ताईकडचे, दिवस ठेवले आणि सगळ्यात शेवटी विमानाचं तिकीट काढलं, तेही व्हिसा हातात आल्यावर.

हंगाम ऑक्टोबरअखेरीपासून एप्रिलअखेरीपर्यंत असतो. 25 डिसेंबर ते जानेवारीचा पहिला पंधरवडा तिथल्या लोकांच्या सुट्टीचा. तेव्हा हट, गाडी, हॉस्टेल सगळंच भरलेलं असतं. ताईला रजा नेमकी याच काळात मिळते, ही खरी अडचण. यावर उपाय एकच: नातेवाइकांचा काळ आणि ट्रेकचा काळ वेगळा ठेवायचा. फेब्रुवारी-मार्च मला जास्त पटतो.

व्हिजिटर व्हिसासाठी दरमहा 1,000 न्यूझीलंड डॉलर इतके पैसे दाखवावे लागतात. राहण्याचा खर्च आधीच भागलेला असेल तर दरमहा 400 पुरतात. शिवाय परतीचं तिकीट किंवा ते काढण्याइतके वेगळे पैसे हवेत. नातेवाईक स्पॉन्सर करू शकतात, मात्र त्यासाठी ते तिथले नागरिक किंवा रेसिडेंट व्हिसाधारक असावेत. वर्क व्हिसावर असलेल्या भावाबहिणीचं प्रेमाचं निमंत्रणपत्र जोडायला हरकत नाही, पण ते स्पॉन्सरशिपच्या जागी चालेल असं समजू नका. पासपोर्ट तिथून निघण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा. 100 डॉलरची पर्यटक लेव्ही व्हिसाच्या शुल्काबरोबरच कापली जाते. अर्जात ट्रेकचा बेत लपवू नका. 'बहिणीकडे राहणार' एवढंच लिहून सोबत दक्षिण बेटावरची बुकिंगं जोडली, तर अर्ज विसंगत दिसतो.

पुढचा टप्पा विमानतळावरच्या जैवसुरक्षेचा, म्हणजे बाहेरून कीड-रोग येऊ नयेत म्हणून होणाऱ्या तपासणीचा. ट्रेकर आणि पाहुणा, दोघेही इथेच अडकतात. पाहुण्याच्या बॅगेत ताईसाठी लोणचं, गोडा मसाला, लाडू, कढीपत्ता. ट्रेकरच्या बॅगेत मातीचे बूट, तंबू, स्टोव्ह. जाहीर न केलेली धोक्याची वस्तू सापडली तर जागेवरच दंड होतो आणि तो 400 डॉलरच्या घरात जातो. जाहीर केली, तर वाईटात वाईट म्हणजे ती कचऱ्यात जाते. त्यामुळे शंका आली की डिक्लेरेशनवर 'हो' करायचं. हे ट्रॅव्हलर डिक्लेरेशन ऑनलाइन आणि मोफत आहे, प्रवास सुरू होण्याच्या 24 तास आधीपासून भरता येतं. ते भरून देतो म्हणून पैसे मागणारी संकेतस्थळं टाळा. मध अजिबात नेऊ नका. ताजी पानं, फळं, बियाणं यांच्याही वाटेला जाऊ नका. घरगुती डब्यापेक्षा कंपनीचं सीलबंद, लेबल लावलेलं पाकीट बरं, कारण आत काय आहे ते अधिकाऱ्याला वाचता येतं. ताईची यादी लांबलचक असते, पण ऑकलंडच्या भारतीय दुकानांत त्यातलं बहुतेक सगळं मिळतं, हे तिलाही माहीत असतं.

बुटांचे तळ जुन्या टूथब्रशने खाचांमधून घासून, धुऊन पूर्ण वाळवायचे. तंबूच्या खुंट्या आणि काठ्यांची टोकंही तशीच. बूट बॅगेत सगळ्यात वर ठेवले की तपासणी लवकर आटोपते. स्टोव्ह नेत असाल तर त्याला इंधनाचा वासही नको. गॅसचा डबा विमानात चालतच नाही, तो तिथेच घ्यायचा.

ताईचं घर हा माझ्या मते या प्रवासाचा तळ आहे. मोठी बॅग तिथे ठेवून पाठीवर फक्त सॅक घेऊन ऑकलंडहून क्वीन्सटाउनला विमानाने जायचं, तिथून बसने 'ते आनाऊ' या ट्रेकच्या गावी, साधारण 170 किलोमीटर. ट्रेकच्या आधी आणि नंतर एकेक दिवस मोकळा ठेवा. 'रविवारी सगळे जेवायला येणार आहेत' म्हणून शनिवारी रात्री परतायचा बेत आखला की एका वादळात सगळंच कोसळतं.

केप्लर निवडायचं कारण सोपं: 60 किलोमीटरचं वर्तुळ आहे, जिथून निघतो तिथेच परत येतो. मिलफर्ड या दुसऱ्या ग्रेट वॉकसारखी दोन्ही टोकांना बोटीची जुळवाजुळव नाही. पहिला दिवस सुमारे 14 किलोमीटर. तळ्याकाठून जंगलात शिरून 1,085 मीटरवरच्या लक्समोर हटपर्यंत जवळपास 880 मीटरची चढण. दुसरा दिवस 14.6 किलोमीटर आणि खरी परीक्षा तोच. धारेवरून उघड्यावर चालायचं असतं, वारा माणसाला ढकलतो, उन्हाळ्यातही बर्फ पडू शकतो. वाटेत फॉरेस्ट बर्न आणि हँगिंग व्हॅली असे दोन आपत्कालीन निवारे आहेत. तिथे थांबून अंगावरचे कपडे बदलावेत, मुक्काम करू नये. हटचा वॉर्डन संध्याकाळी हवामान सांगतो. तो 'थांबा' म्हणाला तर थांबायचं, म्हणूनच तो मोकळा दिवस. तिसऱ्या दिवशी आयरिस बर्न या दुसऱ्या मुक्कामाच्या हटहून मोतुराऊ हटपर्यंत, 16.2 किलोमीटर, सगळं जंगलातून. चौथ्या दिवशी 6 किलोमीटरवर रेनबो रीच येतं. तिथून शटलने गावात जाता येतं, किंवा उरलेले साडेनऊ किलोमीटर चालून वर्तुळ पुरं करता येतं.

हंगामात हटमध्ये गॅसच्या शेगड्या, गादी आणि पाणी असतं. भांडी आणि पांघरूण नसतं. पातेलं, लायटर आणि उबदार स्लीपिंग बॅग आपली न्यायची. कचराकुंडी कुठेही नाही, चहाची पुडीसुद्धा परत आणायची. दिवसाला माणशी 600 ते 700 ग्रॅम कोरडं अन्न मला पुरेसं वाटतं: पोहे, उपम्याचं मिक्स, डाळ-तांदूळ, सुकामेवा. बूट रात्री बाहेर ठेवू नका, किया नावाचे पोपट ते चोचीने फाडतात. मोतुराऊजवळ तळ्याकाठी सँडफ्लाय नावाच्या चावऱ्या माश्या तुटून पडतात, पण चालत्या माणसाच्या त्या फारशा वाटेला जात नाहीत.

वाटेवर मोबाइलला रेंज जवळपास नाहीच. 'ते आनाऊ'मध्ये लोकेटर बीकन (संकटात आपलं ठिकाण कळवणारं यंत्र) भाड्याने घ्या आणि ताईला परतीचा दिवस व तास लिहून द्या: 'या वेळेपर्यंत फोन आला नाही तर पोलिसांना कळव.' अपघात झाला तर तिथली एसीसी ही सरकारी अपघात योजना पाहुण्याच्याही उपचारांचा खर्च बऱ्याच अंशी उचलते, पण आजारपण आणि मायदेशी परत नेणं त्यात येत नाही. त्यासाठी प्रवास विमा हवाच, आणि त्यात ट्रेकिंग धरलंय का ते पॉलिसीत वाचून घ्या.