मुंढ्याने सोडवलेला पेच

गेम स्टुडिओत मी पात्रांचे कपडे बेतते. मार्व्हलस डिझायनर या सॉफ्टवेअरमध्ये आधी कापडाचे सपाट तुकडे काढायचे, त्यांच्या कडा एकमेकींना जोडायच्या आणि मग ते कापड पडद्यावरच्या शरीरावर सोडायचं. वजन, ताण, चुण्या सगळं ते मोजतं. बेत चुकला की कपडाही चुकतो. या कामाआधी मी नाटकांसाठी ऐतिहासिक पोशाख शिवत असे, त्यामुळे इथे आल्यावर माझ्या हाताला नवीन असा फक्त माऊस होता.

त्या दिवशी पेच होता तो एका धनुर्धारी बाईचा. गेम रोल-प्लेइंग प्रकारातला, जग पूर्ण कल्पित. बर्फाळ डोंगर, जादू, ड्रॅगन, सगळं. ही बाई आमच्या मुख्य पात्रांपैकी एक. अंगाबरोबर बसणारं जाडसर जाकीट, कमरेला पट्टा, अरुंद बाह्या असं तिचं चित्र मंजूर झालेलं होतं. उभी असली की सुरेख दिसायची. पण धनुष्य ओढायला कोपर खांद्याच्या रेषेत वर आणि मागे गेलं की सगळं जाकीट त्याच्याबरोबर वर चढायचं. पट्टा बरगड्यांवर, छातीवर आडव्या चुण्या, आणि बगलेत कापडातून कातडी बाहेर डोकवायची. गेमवाल्यांच्या भाषेत क्लिपिंग. रिगिंग, म्हणजे पात्राच्या आत त्याला हलवणारा सांगाडा बसवण्याचं काम, करणाऱ्या सहकाऱ्याने वेट पेंटिंग, म्हणजे कुठल्या हाडाबरोबर कुठला भाग किती हलावा हे ठरवणं, पुन्हा पुन्हा करून पाहिलं होतं. बगल सावरली की खांदा बिघडायचा, खांदा सावरला की पाठ.

सकाळच्या बैठकीत तीन उपाय पुढे आले. हात कमी उचलायचा, कॅमेरा दुसऱ्या बाजूला न्यायचा, किंवा बाह्याच काढून टाकायच्या. तिसऱ्या उपायावर बहुतेकांच्या माना डोलल्या आणि तिथे मी अडून बसले. या बाईचं गाव बर्फात आहे, तिचा बाप थंडीने मेला असं तिच्याच तोंडी वाक्य आहे, आणि ती उघड्या दंडांनी हिंडणार? कथा एक सांगते आणि कपडा दुसरंच, असं झालं की खेळणारा दोघांवरचाही विश्वास सोडतो.

मी दुपारपर्यंतचा वेळ मागितला.

दोष रिगिंगमध्ये नव्हता, बेतात होता. पात्राला बसवलेली बाही आजच्या कोटाची होती. आजच्या कोटाची बाही खाली सोडलेल्या हातासाठी बेततात. तिचा माथा उंच असतो आणि बगलेखालची बाजू आखूड, त्यामुळे हात खाली असताना चुणी पडत नाही. हात वर नेला की बगलेखाली कापड कमी पडतं, मग ते कमरेकडून ओढून घेतलं जातं. धनुष्य, तलवार, भाला चालवणाऱ्या माणसाला हा बेत परवडणारा नाही, आणि ज्यांचा जीव हाताच्या हालचालीवर होता त्यांच्या शिंप्यांना हे नीट कळलेलं होतं.

फ्रान्समध्ये लिऑनच्या वस्त्रसंग्रहालयात चौदाव्या शतकातलं एक जाकीट आहे. १३६४ साली ओरेच्या लढाईत मारल्या गेलेल्या ब्रिटनीच्या शार्ल द ब्लोआचं ते समजलं जातं. रेशमी, सोन्याच्या तारेचं काम, अष्टकोनांत सिंह आणि गरुड. वर श्रीमंती आणि आत कापूस भरलेला. मला त्याच्या रेशमापेक्षा मुंढ्याचं, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या गोल कापाचं, वेड आहे. त्याची गोलाई पुढे छातीवर आणि मागे पाठीवर खोलवर शिरते, जवळजवळ थाळीसारखी, पण ऐन बगलेत मात्र ती वरच राहते. त्या मोठ्या गोलाईत बसणारी बाही एका तुकड्याची नाही, तिला त्रिकोणी कळ्या लावून फुलवलेली आहे. हात वर गेला की त्या कळ्या उघडतात आणि कंबर जागची हलत नाही. हलून चालणारही नव्हतं, कारण त्या काळी पायांतल्या होज, म्हणजे लांब, घट्ट पायमोजे, अशा जाकिटाला आतून नाड्यांनी बांधलेल्या असत. जाकीट वर सरकलं तर खालचं सगळंच ओढलं जायचं.

हाच मुंढा मी आमच्या बाईसाठी बेतला. जुनी बाही काढली, गोलाई छातीवर आणि पाठीवर वाढवली, बगल वर उचलली, बाहीच्या मागच्या अंगाला कळ्या घातल्या. उभ्या स्थितीत बगलेपाशी थोडं जास्तीचं कापड जमू लागलं. ते मी मुद्दाम राहू दिलं. खऱ्या कपड्यातही ते जमतं आणि तेच नंतर कामी येतं. मग अ‍ॅनिमेटरला बोलावलं आणि म्हटलं, "तुझी मूळची ओढ लाव, कमी केलेली नको."

त्याने लावली. हात वर, कोपर मागे, प्रत्यंचा गालापर्यंत. कळ्या उघडल्या आणि पट्टा होता तिथेच राहिला. त्याने तीच हालचाल संथ गतीने पुन्हा चालवली, मग मागून, मग खालून. नंतर न विचारता तिला कड्यावर चढायला लावलं, दोन्ही हात डोक्यावर. तिथेही जाकीट जागेवर. "मग बाकीच्यांचे हात मी इतके दिवस खाली का दाबत बसलो होतो?" एवढंच तो म्हणाला आणि इतर पात्रांची यादी उघडून बसला.

आर्ट डायरेक्टर आले तेव्हा त्यांना चित्र आवडलं, पण मुद्दा पटलेला नव्हता. "जगात ड्रॅगन आहेत, तिथे चौदाव्या शतकाची बाही कशाला?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि तो रास्त आहे. मी म्हटलं, "सर, शतक कुठलंही घ्या. ड्रॅगनच्या जगातही हात खांद्यालाच जोडलेला आहे, आणि थंडी लागतेच." इतिहासाचं ओझं कल्पनेवर लादायची मला मुळीच हौस नाही. पण हजारो हातांनी शतकानुशतकं अंगावर घालून, घाम गाळून, फाडून, पुन्हा शिवून जे उत्तर शोधलं ते समोर असताना आपण ते बघायचंच नाही, हे मला सहन होत नाही.

बोलणं निघालंच होतं म्हणून मी टिकल्यांचा विषयही काढला. चामड्यावर धातूच्या टिकल्या ठोकलेलं चिलखत हे १९७०च्या दशकातल्या डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या नियमांपासून या खेळांत ठाण मांडून बसलं आहे. आमच्या पहारेकऱ्यांनाही तेच दिलं होतं. नुसत्या टिकल्यांनी वार अडत नाही, दोन टिकल्यांमध्ये चामडंच असतं. जुन्या चित्रांत आणि थडग्यांवरच्या मूर्तींत जी टिंबं दिसतात ती बहुधा रिव्हेटची डोकी, आणि त्यांना धरून लोखंडी पट्ट्या आत असतात. १३६१ साली गोटलंड बेटावर व्हिस्बीच्या तटाबाहेर डॅनिश सैन्याने कापून काढलेले लोक पुष्कळदा चिलखतांसकट खड्ड्यांत पुरले गेले. विसाव्या शतकात ते खड्डे उकरले तेव्हा अशी चिलखतं सापडली: वरचं कापड किंवा चामडं कुजून गेलेलं, पट्ट्या मात्र ओळीने पडलेल्या.

टिकल्या काढा असं मी म्हटलंच नाही. त्या पट्ट्यांच्या रेषेत लावा, एवढंच म्हटलं. पट्टी वाकत नाही, तिच्यामधली फट वाकते. म्हणजे रिगिंगवाल्याला आयतंच कळतं की पहारेकऱ्याचं धड कुठे ताठ ठेवायचं आणि कुठे वळू द्यायचं. तो शेजारीच उभा होता. डायरेक्टरांच्या आधी त्याचाच होकार आला.

रंगांवर मात्र फार वेळ गेला नाही आणि तिथे मी हरलेही. आमच्या गेममधले गावकरी सगळे तपकिरी. मॅडरच्या मुळांचा लाल, वेल्डचा पिवळा, वोडचा निळा आणि वोडवर वेल्ड चढवून हिरवा, हे सगळे वनस्पतींचे रंग आहेत आणि त्या काळच्या चित्रांत साधी माणसंही त्या रंगांत दिसतात. वोडच्या पिंपातून कापड वर काढलं की ते आधी पिवळट-हिरवं असतं आणि हवा लागता लागता डोळ्यांदेखत निळं होतं. असं एखादं रंगाऱ्याचं अंगण गावात असावं अशी माझी मागणी होती. वेळापत्रकात बसत नाही म्हणून ती बाजूला पडली. मळाच्या बाबतीत तेवढं ऐकलं गेलं: सरसकट काळा फराटा न मारता कोपरं, गुडघे, घेराची कड आणि खांद्यावर पट्टा घासतो ती जागा झिजवायची.

संध्याकाळी शेवटचा विषय निघाला झग्याचा, आणि तो अजून मिटलेला नाही. अर्धवर्तुळाकार झगा उजव्या खांद्यावर पिनेने अडकवायचा, म्हणजे तलवारीचा हात मोकळा राहतो. ही पद्धत रोमन काळापासून चित्रांत दिसते. आमच्या गेममध्ये खेळणारा डावखुरं पात्र निवडू शकतो. अ‍ॅनिमेटर म्हणतो, मग झगाही उलटा करू, सोपं आहे. मला वाटतं, सैन्यातल्या डावखुऱ्याला रिवाजाप्रमाणे उजवीकडेच पिन लावावी लागावी, लढाईच्या वेळी त्याला झगा मागे फेकावा लागावा, आणि एकट्याने भटकणाऱ्या डावखुऱ्याला मात्र पिन हवी तिथे लावता यावी. यासाठी झग्याच्या दोन घड्या आणि एक जादा हालचाल लागेल. दोन्ही घड्यांचा बेत मी तयार ठेवला आहे. हालचालीला वेळ द्यायचा की नाही, ते पुढच्या बैठकीत ठरेल.